गार रात्र, धुरकट सकाळ: नानांनी फिरायला कधी निघावं?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही राजेंद्र नगरात राहता. सासरे, म्हणजे नाना, 74 वर्षांचे. वर्षानुवर्षं पहाटे साडेपाचला फिरायला निघतात. दिवाळी सरली की त्यांना खोकला धरतो आणि तो शिवरात्रीपर्यंत सुटत नाही, गेली तीन वर्षं हेच चाललंय. बाल्कनीच्या कठड्यावर रोज राखाडी थर बसतो. मोबाइलवर एक अ‍ॅप हवेचा निर्देशांक 98 दाखवतं, त्याच वेळी दुसरं 153. आणि नानांचं म्हणणं असं, की आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं, इथे कुठलं प्रदूषण, हे तर धुकं आहे. तेव्हा हे धुकं की धूर, कुठलं अ‍ॅप खरं मानायचं आणि घरात प्युरिफायर घ्यावा का, हे तुम्हाला हवंय.

तिन्हींची उत्तरं देतो. पण एक गोष्ट उद्यापासूनच करा. नानांचं फिरणं बंद करू नका, त्याची वेळ बदला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेनऊच्या आधी त्यांनी फिरायला बाहेर पडू नये. बाजारातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा या एका बदलाने त्यांच्या छातीला जास्त आराम पडेल. असं का म्हणतो, ते जरा बैजवार सांगावं लागेल.

मी इंदुरातच वाढलो, मिल एरियात. पुढे तीस वर्षांहून जास्त काळ हवेचे नमुने घेण्याचं काम केलं. त्या कामातली एक पद्धत नानांना सांगा, त्यांना लगेच पटेल, कारण त्यांच्या पिढीने गिरण्यांचे भोंगे ऐकलेत. हवा मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हाताने नमुने घ्यायचे ते आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला 104 दिवस. त्या दिवसाचे चोवीस तास आठ-आठ तासांच्या तीन भागांत वाटलेले असत. सकाळी सहा ते दुपारी दोन, दोन ते रात्री दहा, आणि दहा ते पुन्हा सकाळी सहा. गिरणीच्या तीन पाळ्याच त्या. प्रत्येक पाळीला यंत्रात नवा पांढराशुभ्र फिल्टर चढवायचा, आधीचा उतरवून जपून पाकिटात घालायचा, प्रयोगशाळेत त्यातली ओल पूर्ण काढून मग वजन करायचं. वाढलेल्या वजनाला यंत्राने ओढलेल्या हवेने भागलं की आकडा हातात.

वजनकाट्यावर चढवण्याआधीच डोळ्यांना बरंच कळायचं. मे महिन्यातला फिल्टर पिवळट-तपकिरी यायचा, मातीचा. डिसेंबरातला रात्रपाळीचा फिल्टर काळपट, बोट लावलं तर काजळीसारखा. त्याच दिवसाचा दुपारपाळीचा मात्र त्याहून उजळ. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी हे बघून चक्रावलो होतो. गाड्या दिवसा जास्त, कारखाने दिवसा जोरात, शहर जागं दिवसा, आणि काळा फिल्टर रात्रीचा! आमच्या वरिष्ठांनी मला गच्चीवर नेलं आणि म्हणाले, खाली रस्त्याकडे बघून हे समजणार नाही, वर आभाळाकडे बघ.

'शब-ए-मालवा' म्हणून आपण माळव्याच्या ज्या रात्रीचं कौतुक करतो, त्या रात्रीतच याचं उत्तर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. सूर्य मावळला की जमीन दिवसभराची ऊब भराभर आकाशाकडे सोडून देते, अंगावर पांघरूण घालायला ढग नसतात. जमीन गारठते, तिला लागून असलेली हवा गारठते, आणि तिच्यावर काही अंतरावर तुलनेने ऊबदार हवेचा थर राहतो. एरवी उंच जावं तसं गार वाटतं, अशा रात्री मात्र उलटं होतं. शाळेच्या भूगोलात 'तापमानाची विपरीतता' म्हणून हे शिकवतात. खालची गार हवा जड, ती हलत नाही. तिच्यात मिसळलेला धूर वर जायला वाट उरत नाही.

हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारी शहराचा धूर हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत पसरू शकतो. पहाटे त्याला अनेकदा शे-दोनशे मीटरच मिळतात. म्हणजे धूर तेवढाच, पण कोंडायची खोली दहाव्या हिश्शाची. संध्याकाळी घरी परतणाऱ्या गाड्यांचा, बायपासवरून रात्रभर जाणाऱ्या ट्रकांचा, भट्ट्यांचा, अलावांचा म्हणजे शेकोट्यांचा सगळा धूर त्या खोलीत रात्रभर साठत जातो. सूर्योदयाच्या आसपास तो शिगेला पोचतो, आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे नाना साडेपाचला निघतात तेव्हा रात्रपाळीचा फिल्टर अजून यंत्रातच असतो. त्यात भरभर चालताना माणूस बसल्यापेक्षा तिप्पट-चौपट हवा आत घेतो. सकाळची शुद्ध हवा म्हणून ते जी छातीभर ओढतात, ती चोवीस तासांतली सगळ्यात जड हवा असते.

आता दिलासा देणारी बाजू. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. ते वृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैन जिल्ह्यातल्या डोंगला गावाजवळून जातं. त्यामुळे आपल्याकडचं पौषातलं ऊनही बऱ्यापैकी ताकदीचं असतं. नऊ-दहापर्यंत जमीन तापते, खालची हवा वर उसळते आणि तो थर फुटतो. गंगेच्या मैदानात तसं होत नाही. तिथे धुक्याचा जाड पडदा कधी कधी दिवसभर ऊन खालीच येऊ देत नाही, म्हणून दिल्ली-कानपूरला दुपारही सकाळसारखीच जाते. टीव्हीवर दिल्लीची दृश्यं बघून इथे घाबरून दारं-खिडक्या लावून बसणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की आपल्याला सूर्य रोज सोडवतो, आपण फक्त तो वर येईपर्यंत थांबायचं. साडेनऊ ते पाच ही आपली हिवाळ्यातली चांगली वेळ. संध्याकाळी फिरायचं तर दिवेलागणीच्या आधी घरी परत. सात ते अकरा पुन्हा वाईट, कारण रहदारी चालू असते आणि थर खाली उतरलेला असतो.

नानांच्या धुक्याबद्दल. ते पूर्ण चुकीचे नाहीत, आणि त्यांच्याशी बोलताना हे आधी मान्य करा. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, आणि हवामानखातं त्याला धुकं म्हणतं ते एक किलोमीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे दाटतं ते अस्सल धुकं. पांढरं असतं, गाडीच्या काचेवर ओल धरते, चष्मा ओला होतो. पण नाना रोज बघतात ते बहुतेक दिवशी धुरकं असतं. ते करडं, क्षितिजाजवळ पिवळट-तपकिरी दिसतं, काच कोरडी राहते, आणि नाक शाबूत असेल तर जळक्याचा वास येतो. दोन्ही एकमेकांत मिसळलेलीही असतात. हवेतले सल्फेटचे, नायट्रेटचे कण पहाटेच्या ओलाव्यात पाणी शोषून फुगतात, आणि फुगलेला कण प्रकाश जास्त विखुरतो. म्हणून तेवढ्याच धुरात सकाळी समोरचं कमी दिसतं.

या नायट्रेटबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ते कुठल्या चिमणीतून थेट निघत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू आणि शेतातल्या युरियातून, गोठ्यातल्या शेण-मुतातून उडणारा अमोनिया हवेत एकमेकांना भेटतात आणि त्यांचा घन कण तयार होतो. गारठ्यात तो टिकतो, दुपारच्या उन्हात त्यातला बराचसा परत वायू होऊन जातो. म्हणजे थंड पहाट धूर कोंडते, आणि वर नवे कणही तयार करते. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, 'धूर दिसत नाही तर आला कुठून?' त्याचं उत्तर हे.

अ‍ॅपचा घोळ सोपा आहे. तुमची दोन्ही अ‍ॅप बहुधा एकच गोष्ट सांगतायत. हवेत पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, दर घनमीटरला 59 मायक्रोग्रॅम आहेत असं धरा. (माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड, यावरून कणाचा अंदाज घ्या.) भारतीय मोजपट्टीत 60 मायक्रोग्रॅमला 100 हा निर्देशांक येतो, तेव्हा 59 ला 98. हिरव्या रंगात 'समाधानकारक'. अमेरिकी मोजपट्टीत तेच 59 मायक्रोग्रॅम 153 होतात, लाल रंगात, 'आरोग्यास अपायकारक'. हवा एक, पट्ट्या दोन. परदेशी कंपन्यांची बरीच अ‍ॅप अमेरिकी पट्टी वापरतात, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' भारतीय पट्टी वापरतं. तेव्हा निर्देशांकाशी भांडत बसू नका. अ‍ॅपमध्ये आत जाऊन पीएम 2.5 चे मायक्रोग्रॅम बघा. तिथे दोन्ही जवळपास जुळले तर प्रश्नच मिटला.

पण नानांच्या दृष्टीने त्याहून मोठी मेख वेगळीच आहे. आपला अधिकृत निर्देशांक कणांच्या बाबतीत चोवीस तासांची सरासरी घेऊन काढतात. त्यात दुपारची उजळ पाळी आणि रात्रीची काळी पाळी एकत्र कालवली जाते. सकाळी सहाला पडद्यावर 98 दिसतं तेव्हा बाहेरची त्या तासाची हवा 98 वाली नसते, बरीच वाईट असते. शिवाय तो आकडा तुमच्या दारातला नाही. आपल्याकडे छोटी ग्वालटोलीला एक स्वयंचलित केंद्र आहे, बसस्टँड-रेल्वे स्टेशनच्या गजबजाटात. रीजनल पार्कला एक आहे, तळ्याकाठी. विमानतळाच्या भागात आणि रेसिडेन्सी भागातही आहेत. राजेंद्र नगरासाठी रीजनल पार्कचं केंद्र जवळचं. त्याचा तासातासाचा आलेख आठवडाभर बघा, सकाळचा चढ आणि दुपारची उतरण तुम्हाला स्वतःच दिसेल. नानांनाही दाखवा. माझ्या सांगण्यापेक्षा तो आलेख त्यांना लवकर पटवेल.

घरी ठेवायचं हवा मोजणारं छोटं यंत्र घेणार असाल तर एवढं जाणून घ्या, की ते लेझरचा प्रकाश कणांवर पाडून मोजतं. पहाटेच्या ओलाव्यात फुगलेल्या कणांमुळे ते बऱ्याचदा खरं असतं त्याहून जास्त दाखवतं. सकाळ-दुपारचा फरक, खिडकी उघडी-बंद असतानाचा फरक कळायला ते उत्तम. नेमक्या आकड्यावर मात्र कुणाशी वाद घालायला ते बसवू नका.

बाल्कनीतल्या थराकडे येतो. बोटाने पुसता येतो तो थर मुख्यतः जाड कणांचा असतो, रस्त्याची माती, बांधकामाचं सिमेंट, आपली काळी माती वाळून उडालेली. दिसायला तो त्रासदायक, पण नाकात आणि घशात बराचसा अडतो. छातीच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत जातो तो बारीक कण. तो कठड्यावर बसत नाही, तरंगत राहतो, आणि त्यातला काही भाग रक्तातही उतरतो, म्हणून हृदयाच्या रुग्णांनाही तो बाधतो. हे लक्षात घेतलंत की 'इंदूर पहिलं' या नानांच्या मुद्द्याचं उत्तरही सापडतं.

इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत वरच्या जागी आहे आणि ते खऱ्या कष्टांनी आहे. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर कचऱ्याचे ढीग धुमसायचे ते दिवस मी नमुने घेताना अनुभवले आहेत, वारा तिकडून असला की फिल्टरला प्लास्टिक जळाल्याचा वास यायचा. आज तिथे ओल्या कचऱ्यापासून दिवसाला 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प चालतो, फेब्रुवारी 2022 पासून. घरोघरचा कचरा वेगळा होऊन उचलला जातो, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा पेटवण्याचं प्रमाण खूप घटलं. हवेला याचा थेट फायदा झाला आणि सफाई कामगारांचे आपल्यावर उपकार आहेत. पण झाडलेला रस्ता जाड धूळ कमी करतो. ट्रकच्या सायलेन्सरमधून निघालेला कण झाडूला सापडत नाही.

स्वच्छ वायू सर्वेक्षण नावाची वेगळी क्रमवारीही असते. त्यात 10 लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत इंदूर 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये पहिलं आलं. मलाही त्याचा आनंद झाला. मात्र तिथे गुण मिळतात ते शहराने काय काय कामं केली याचे आणि पीएम 10, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, किती घटलं याचे. देशात सगळ्यात कमी पीएम 2.5 कुणाकडे, अशी ती यादी नाही. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं लक्ष्यही पीएम 10 वरच बेतलेलं आहे, 2025-26 पर्यंत त्यात 40 टक्क्यांपर्यंत घट करणं किंवा मानकाच्या आत येणं. आणि त्या कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे मानकाच्या वर हवा असलेल्या शहरांत, इंदूरही आहे, उज्जैन आणि देवासही. पीएम 2.5 साठी आपलं वार्षिक मानक 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये तीच मर्यादा 5 वर आणली. नानांचा अभिमान योग्य आहे, तो रस्त्यांबद्दल आहे. त्यांची छाती ज्यावर चालते त्याची परीक्षा अजून बाकी आहे.

राजेंद्र नगरात बारीक कण येतात कुठून? आग्रा-मुंबई रस्त्याची वाहतूक, पीथमपूरकडे जाणारी-येणारी जड वाहनं, बांधकामांवरचे डिझेल जनरेटर, ढाब्यांच्या कोळशाच्या भट्ट्या, ही नेहमीची नावं. यांतल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात नाहीत. एक मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, ती म्हणजे चौकीदाराचा अलाव.

एका रहिवासी भागात इमारतीच्या गच्चीवर आमचं यंत्र होतं. रात्रपाळीचा फिल्टर सलग काही आठवडे आजूबाजूच्या ठिकाणांपेक्षा खूपच काळा येत होता. पंप तपासला, जोडण्या तपासल्या, सगळं ठीक. शेवटी मी स्वतः रात्री दोनला तिथे गेलो. खाली फाटकाशी चौकीदार टायरचा तुकडा, दुधाच्या पिशव्या आणि ओला पालापाचोळा पेटवून शेकत बसला होता. धूर सरळ भिंतीला धरून वर चढत होता आणि तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर पोचला की आडवा पसरत होता. त्या घरांत लहान मुलं झोपली होती. चौकीदाराला मी काय बोलणार? अंगावर पातळ स्वेटर, पायात चपला, थंडी हाडं गोठवणारी. त्याने करावं तरी काय? दुसऱ्या दिवशी रहिवाशांना फिल्टर दाखवला. त्यांनी वर्गणी काढून त्याला जाड कोट, बूट, कांबळं दिलं आणि चौकीत विजेचा छोटा हीटर बसवला. अलाव विझला आणि पुढच्या फेरीत त्या गच्चीवरचा फिल्टर इतर ठिकाणांसारखाच आला. माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर दिसलेला उपाय हाच. तुमच्या कॉलनीत किती चौकीदार आहेत ते मोजा, एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या खर्चात सगळ्यांची सोय होते. अंगणातला पाचोळा पेटवण्याऐवजी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं त्याच बैठकीत ठरवून टाका.

घरातली हवाही बघा. डास पळवायची जळती कॉइल बंद खोलीत लावत असाल तर आजपासून बंद करा. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांएवढे असतात, असं मोजमापात दिसलेलं आहे. मच्छरदाणी लावा. देवघरातली उदबत्ती-धूप नानांच्या खोलीपासून लांब, आणि थोडाच वेळ. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू ठेवा. खिडक्या दिवसभर बंद ठेवू नका. अकरा ते चार सताड उघडा, संध्याकाळी पाच-साडेपाचला लावून घ्या आणि सकाळी साडेनऊपर्यंत बंद ठेवा. पहाटे खिडक्या उघडून 'ताजी हवा' घ्यायची आपली जुनी सवय हिवाळ्यापुरती उलटी करावी लागेल.

प्युरिफायर? ही वेळ पाळलीत, कॉइल थांबवलीत, तर मी तो लगेच घ्या असं म्हणणार नाही. नानांच्या श्वासाच्या तपासणीत दोष निघाला तर मात्र त्यांच्या झोपायच्या खोलीपुरता जरूर घ्या. घेताना जाहिरातीतलं 'आयन', 'सुगंध' हे काही बघू नका. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर आहे ना, आणि तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो, ज्याला सीएडीआर म्हणतात, हे दोनच विचारा. 12 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे साधारण 41 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायला हवी, तर 200 च्या वरचा सीएडीआर लागेल. रात्री दार-खिडकी लावूनच चालवायचा, आणि फिल्टर बदलायचा दरवर्षीचा खर्च आधीच विचारून ठेवायचा. ओझोन सोडणारं यंत्र चुकूनही घेऊ नका. मास्कबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. पहाटे बाहेर पडणं टाळताच येत नाही अशा दिवशी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 च कामाचा. रुमाल आणि कापडी मास्क बारीक कणांना फारसं अडवत नाहीत. दम लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र एन-95 लावून भरभर चालायला लावू नये.

आणि ताई, खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका. मी डॉक्टर नाही, पण या कामात छातीच्या डॉक्टरांबरोबर बरंच बसलोय. सलग दोन वर्षं, वर्षात तीन-तीन महिने कफासह खोकला राहिला तर तो जुनाट श्वासनलिकादाह धरतात. दिवाळी ते शिवरात्र म्हणजे तीन महिन्यांहून जास्त, आणि तुम्ही तीन वर्षांचं सांगताय. नानांना छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन फुंकून करायची स्पायरोमेट्री करून घ्या, थुंकीही तपासून घ्या. माझे वडील गिरणीत होते. सकाळपाळीची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, पहाटे पाचला बाहेर पडायचे. मी दिवसा फिल्टरची वजनं करत होतो आणि त्यांना 'सकाळची हवा चांगली' असं म्हणताना रोज ऐकत होतो. त्यांची ही तपासणी आम्ही फार उशिरा केली. तुमच्या घरी तसं होऊ नये.

उन्हाळ्यात हे वेळापत्रक जसंच्या तसं चालवू नका. मार्चपासून रात्रीचा तो थर कमजोर होतो, पहाट बरीच सुधारते, आणि अडचण दुपारी येते. कडक उन्हात गाड्यांच्या वायूंपासून ओझोन तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो. एप्रिल ते जूनमध्ये नाना सकाळी सहा-सातला फिरू देत, दुपारी मात्र घरात. त्याच दिवसांत गहू निघतो. हार्वेस्टरने कापल्यावर शेतात राहिलेली फूटभर नरवाई, म्हणजे गव्हाचे खुंट, पेटवून देतात, आणि गेल्या काही वर्षांत गव्हाची नरवाई जाळण्यात आपला मध्य प्रदेश देशात आघाडीवर राहिला आहे. सांवेर, देपालपूरकडून येणारा तो धूर शहराची हद्द ओळखत नाही. विषुववृत्ताजवळच्या देशांत याचं टोक पाहायला मिळतं. तिथे आपल्यासारखी थंडी नाही, तरी 1997 आणि 2015 साली इंडोनेशियातल्या दलदली जमिनी आठवडेच्या आठवडे आतून धुमसत राहिल्या, आणि जून 2013 मध्ये तिथल्या धुराने सिंगापूरसारख्या टापटीप शहराचा निर्देशांक 401 वर गेला होता. शहराने स्वतःचं अंगण कितीही झाडलं तरी आजूबाजूचं शेत पेटलं की धूर येतोच. तुमच्या नात्यात, ओळखीत सांवेर-हातोदकडे शेती असणारं कुणी असेल तर नरवाई नांगरून जमिनीत मिसळा, असं जरूर सांगा. हार्वेस्टरच्या मागून भुसा करणारी यंत्रंही आता मिळतात, गुरांना तो लागतोच.

शेवटी नानांसाठी एक काम सुचवतो. साडेनऊपर्यंत घरात बसून त्यांची चिडचिड होणार, हे मला दिसतंय. त्यांना एक वही द्या. सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता गच्चीवरून रालामंडलची टेकडी दिसते का, हे रोज लिहायला सांगा. मुद्दाम तीन खुणा निवडा, जवळची एखादी पाण्याची टाकी, मधल्या अंतरावरची उंच इमारत आणि लांबची टेकडी. कुठली स्पष्ट, कुठली पुसट, कुठली गायब. शेजारी आभाळाचा रंग, वाऱ्याची दिशा, गाडीच्या काचेवर ओल होती की नाही, आणि रात्री खोकला किती वेळा आला. आम्ही स्वयंचलित यंत्रं येण्याआधी असंच करायचो. मावठा पडेल त्या दिवशी लाल शाईने खूण करायची, म्हणजे खऱ्या धुक्याचे दिवस वेगळे काढता येतील. संक्रांतीपासून होळीपर्यंतची ती वही भरली की मला पाठवा. नानांचे आणि रीजनल पार्कच्या केंद्राचे आकडे शेजारी मांडून बघू.